चाचणी फसली तर तोटा कोणाचा? उद्योगमंत्र्यांना खुले पत्र

मा. उद्योगमंत्री, महाराष्ट्र राज्य,
स.न.वि.वि.

विद्यापीठांतल्या स्टार्टअपना उद्योगांनी हात द्यावा, असं हल्ली प्रत्येक कार्यक्रमात ऐकतो. आमची ना नाही. कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ आमच्या शिरोलीच्या फौंड्र्यांपासून, म्हणजे लोखंडाच्या ओतकामाच्या कारखान्यांपासून, हाकेच्या अंतरावर आहे. सामंजस्य करार होतात, फोटो छापून येतात. गाडी अडते ती पुढे, भट्टीसमोर.

समजा, एखादी स्टार्टअप कोअरला, म्हणजे साच्यात पोकळी राखणाऱ्या वाळूच्या गाभ्याला, लावायचं नवं कोटिंग घेऊन आली. सुमारे १४०० अंशांचा लोखंडाचा रस साच्यात पडताना वाळू कास्टिंगला (ओतीव भागाला) चिकटू नये, म्हणून ते लागतं. चिकटली, तर फेटलिंगवाल्याचा, म्हणजे कास्टिंग घासून साफ करणाऱ्याचा, दिवस ग्राइंडर धरण्यातच जातो. प्रयोगशाळेतले आकडे छान असतात, पण तिथे ओतलेले असतात मूठभर नमुने. कोटिंग ड्रमच्या तळाशी बसतं का, कोल्हापूरच्या पावसाळ्यात वाळायला किती वेळ घेतं, कोअरशॉपमधल्या मावशींना ते ब्रशने सारखं लावता येतं का, हे लाइनवरच कळतं.

आणि फसलं तर ती हीट, म्हणजे भट्टीत एका वेळी वितळवलेलं सगळं लोखंड, स्क्रॅप. लोखंड पुन्हा वितळवता येतं, वीजबिल परत येत नाही. बरं, जमलं तरी सुटका नाही. आम्ही गाड्यांच्या कंपन्यांचे पुरवठादार. प्रक्रिया बदलली की ग्राहकाची मंजुरी नव्याने घ्या, पीपॅपची (सुटा भाग मंजूर करून घेण्याच्या कागदपत्रांची) फाइल पुन्हा उघडा. मग मालक म्हणतो, जुनंच बरं. मीही तेच म्हणतो.

प्रयोगशाळेतून बाजारापर्यंतचा हा खर्च कोणीतरी सोसावाच लागतो. लिथियम-आयन बॅटरीचा कोबाल्ट ऑक्साइडचा कॅथोड (धन इलेक्ट्रोड) ऑक्सफर्डमध्ये १९८० साली जॉन गुडइनफ यांच्या गटाने दाखवला. सोनीची बॅटरी बाजारात आली १९९१ मध्ये. मधली वर्षं जपानी कंपन्यांनी स्वतःच्या खिशातून काढली. आपल्याकडे गाड्यांसाठी सॉफ्टवेअर बनवणाऱ्या केपीआयटीने पुण्याच्या आयसर या विज्ञान संस्थेच्या साथीने सोडियम-आयन बॅटरीचं तंत्रज्ञान डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर केलं, पण ती मोठी कंपनी. पन्नास कामगारांच्या फौंड्रीची ती ऐपत नाही. केंद्राने २०२५ मध्ये संशोधनासाठी १ लाख कोटींची योजना मंजूर केली, ती मुख्यतः कमी व्याजाच्या कर्जाची आणि भागभांडवलाची. फसलेल्या हीटसाठी कर्ज कोण काढणार?

म्हणून मागणी एकच: विद्यापीठाच्या स्टार्टअपचं साहित्य लघुउद्योगाने आपल्या लाइनवर वापरून पाहिलं, तर स्क्रॅप, वीज आणि फेरमंजुरीचा निम्मा खर्च राज्याने उचलावा. उरलेला निम्मा आमचा. सगळाच दिलात तर नुसत्या कागदावरच्या चाचण्याही होतील, आम्ही आमच्या लोकांना ओळखतो. त्यासाठी नवं पोर्टल मात्र काढू नका. जिल्हा उद्योग केंद्राचा माणूस आणि विद्यापीठाचा एक प्राध्यापक ओतकामाच्या दिवशी भट्टीजवळ उभे राहिले, तर पुरे. फसलेल्या चाचणीचा अहवालही स्टार्टअपला देण्याची अट आमच्यावर घाला. आज तो कोणी देत नाही, आणि पुढचा मुलगा तेच कोटिंग घेऊन पुन्हा दारात येतो.

पहिल्या वर्षी दहा चाचण्या झाल्या तरी चालतील. माझी भट्टी द्यायला मी तयार आहे. फक्त मे महिन्यात नको, तेव्हा निम्मे कामगार गावी असतात.

आपला,
शिरोली एमआयडीसीतील एक फौंड्रीवाला