मेस्त्रीकाका, तुमचा ११ नंबरचा पंखा अजून माझ्याकडेच आहे

मेस्त्रीकाका, नमस्कार.

काल आमच्या दोन्ही बोटी पाण्याबाहेर काढल्या. आता ऑगस्ट संपेपर्यंत पर्यटकांच्या फेऱ्या बंद. इंजिनांचे पंखे (प्रोपेलर) सोडवले, गोड्या पाण्याने धुतले आणि पडवीत ओळीने मांडले. एक स्टेनलेस स्टीलचा, दोन अॅल्युमिनियमचे, आणि चौथा तो, ज्याचं एक पातं खडकावर आपटून करंजीसारखं दुमडलंय. वही उघडून सीझनचा हिशेब जुळवत बसले. एक पंखा गेला, गिअरबॉक्स एकही नाही. गेल्या वर्षी याच पानावर काय लिहिलं होतं ते मागे जाऊन वाचलं आणि लक्षात आलं, तुमचे आभार मानायचे राहूनच गेलेत.

तुम्ही फोनवर लांबलचक काही वाचत नाही, ठाऊक आहे. नातवाला वाचून दाखवायला सांगा. सगळ्यांसमोर लिहितेय, कारण मालवण-देवबागात नवी बोट घेतलेली मुलं हल्ली मला विचारतात, "वहिनी, पंखा स्वस्तातला घेऊ की भारीतला?" दरवेळी मी तुमचंच बोलणं माझं म्हणून सांगते. ते काही बरं नाही.

गेल्या वर्षीची गोष्ट. किल्ल्याजवळ स्कूबाला जाते ती बोट. आठ माणसं, सिलिंडर, आमची दोन मुलं, आणि मागे बाहेरून टांगलेलं ६० हॉर्सपॉवरचं आऊटबोर्ड इंजिन. पंखा होता डुप्लिकेट, नवा कोरा, ओरिजिनलच्या निम्म्या किमतीचा. परतताना अर्ध्या वाटेत इंजिन एकदम किंचाळायला लागलं आणि बोट जागच्या जागी. दिराला वाटलं गिअर सुटला. दुसऱ्या बोटीने ओढून जेटीला आणली. माणसांचे पैसे परत केले, वर सगळ्यांना सोलकढी पाजली. पाहुण्यांपैकी एक काकू मात्र खूश होत्या, त्यांना फुकटात जास्त वेळ समुद्र बघायला मिळाला.

नवऱ्याने त्याच रात्री ठरवलं, आता स्टेनलेस. एकदाच काय तो खर्च. एका स्टेनलेसच्या पैशात ओरिजिनल अॅल्युमिनियमचे तीन तरी आले असते, पण तो हट्टाला पेटला होता. माझी भिशी लागली होती, ते पैसे पिशवीत घालून आम्ही दोघं तुमच्याकडे आलो. तुम्ही गिऱ्हाईकाला नाही म्हणालात.

आधी तुम्ही तो डुप्लिकेट पंखा हातात घेतला. मधल्या नळीच्या आत रबराचं बुश असतं आणि इंजिनची ताकद त्या रबरातून पात्यांपर्यंत जाते, हे मला तोवर माहीत नव्हतं. रबराची पकड सुटली की शाफ्ट, म्हणजे पंख्याचा दांडा, आत फिरत राहतो, पंखा नाही. म्हणून इंजिन किंचाळलं. मग तुम्ही पंखा एका सळईवर चढवून हलकेच फिरवलात आणि पात्यांच्या टोकाशी खडू धरलात. खडू एका पात्याला लागला, दोघांना लागलाच नाही. तीन पाती तीन मापांची! अशा पंख्याने बोट थरथरते आणि शाफ्टचे बेअरिंग, सील लवकर जातात. आम्ही महिनाभर म्हणत होतो, समुद्रच खराब आहे.

म्हणजे 'स्वस्त' हा एक प्रकार नाही, दोन आहेत. कंपनीचा साधा अॅल्युमिनियम पंखा हा एक, आणि त्याच्यासारखा दिसणारा हा दुसरा. बाजारात दोघांना एकाच नावाने हाक मारतात.

तेवढ्यावर आम्ही स्टेनलेस मागितला, तर तुम्ही विचारलंत, "फुल लोडार, फुल थ्रॉटलार काटो खय जाता?" काटा म्हणजे इंजिन मिनिटाला किती फेरे घेतं ते दाखवणारा. नवरा गप्प. इंजिनचा आवाज ऐकून सगळं कळतं असं मानणाऱ्यांपैकी तो. तुम्ही त्याच्याकडे बघणं सोडलंत आणि मला विचारलंत, "वही तू लिवतंस मा? मग काटो पण लिव. पैसे पिशवीत ठेव आधी."

काका, पंख्यापेक्षा जास्त मी या एका गोष्टीचे आभार मानते. दहा वर्षं बोटीचा हिशेब मी ठेवतेय. पेट्रोल किती, फेऱ्या किती, ऑइल कधी बदललं. पण इंजिनचं बोलणं निघालं की दुकानदार, मेकॅनिक, सगळे माझ्या डोक्यावरून नवऱ्याशी बोलतात. तुम्ही प्रश्न मला विचारलात आणि उत्तर घेऊन यायला लावलंत.

दुसऱ्या दिवशी त्याच मापाचा आमचा जुना पंखा चढवून, तितकीच माणसं, तितकेच सिलिंडर घेऊन दिराने थ्रॉटल पूर्ण दिला. काटा ४७०० वर अडकला. जीपीएसवर वेग १८ नॉट (ताशी १८ सागरी मैल). इंजिनच्या पुस्तकात लिहिलेलं, पूर्ण थ्रॉटलला ५००० ते ६००० च्या मध्ये हवं. नवरा म्हणाला, कमी फिरतंय ते चांगलंच की, पेट्रोल वाचतंय. तुम्ही हसलात आणि म्हणालात, चौथ्या गिअरात फोंडा घाट चढून बघ. इंजिनची दमछाक होते, आत कार्बन साठतो, उष्णता वाढते आणि पेट्रोल उलट जास्त जातं.

दोष पंख्याच्या धातूत नव्हता, मापात होता. पंख्यावर दोन आकडे कोरलेले असतात, पहिला व्यासाचा, दुसरा पिचचा, दोन्ही इंचात. पिच म्हणजे स्क्रू लाकडात जातो तसा पंखा एका फेऱ्यात किती पुढे जाईल ते. पाणी लाकूड नाही, त्यामुळे थोडं घसरणारच. आमचा पिच होता १३. तुम्ही म्हणालात, एक इंच पिच उतरवलास की इंजिन साधारण दीडशे-दोनशे फेरे जास्त घेतं. १३ चाच स्टेनलेस घेतला असता तर एवढे पैसे घालून आम्ही तीच चूक चकचकीत करून घेतली असती.

मग तुम्ही कोपऱ्यातल्या ढिगातून एक जुना, रंग उडालेला ११ पिचचा अॅल्युमिनियम पंखा काढलात, कानशीने त्याच्या कडा साफ केल्यात आणि म्हणालात, लावून बघा. डिपॉझिट नाही, चिठ्ठी नाही.

काटा ५१०० वर गेला. वेग १८ वरून साडेएकोणीस. पिच कमी करून वेग वाढला, हे नवऱ्याला आजही पटत नाही, म्हणून तुम्ही शिकवलेलं गणित मी वहीत मांडून ठेवलंय. इंजिनचे फेरे भागिले गिअर रेशो, गुणिले पिच, भागिले १२१५, उत्तर नॉटमध्ये. रेशो म्हणजे पंख्याच्या एका फेऱ्यासाठी इंजिनला किती फेरे लागतात ते, आमचा १.८५. जुन्या पंख्याने बोट २७ नॉट जायला हवी होती, गेली १८. एक तृतीयांश धाव घसरणीत. नव्या मापाने २५ जायला हवी, गेली साडेएकोणीस. पाचव्या हिश्श्याहून थोडी जास्त घसरण, पण एवढ्या ओझ्याला ठीक, असं तुम्ही म्हणालात. पेट्रोल दिवसाला पाचेक लिटरने उतरलं. बोट रिकामी असताना हाच पंखा इंजिनला ६००० च्या वर पळवू बघतो, तेव्हा थ्रॉटल आवरायचा, हेही तुम्ही बजावलंत. दिराच्या लक्षात राहत नाही, म्हणून मी स्टिअरिंगजवळ चिकटपट्टीवर लिहून ठेवलंय.

एवढं झाल्यावर मी परत विचारलं, मग स्टेनलेस घ्यायचाच नाही का? तुमचं उत्तर मी शब्दाला शब्द लिहून ठेवलंय. "आपटतलात तर नक्कीच. आपटल्यार काय मोडूक व्हया, ता आधी ठरवा." म्हणजे आपटणार हे धरूनच चाला.

किल्ल्याभोवतीचे खडक काय आहेत ते इथल्या माणसाला सांगायला नको. १६६४ मध्ये महाराजांनी कुरटे बेटावर सिंधुदुर्ग बांधायला घेतला. वाट माहीत नसलेल्या गलबताला हे खडक जवळ येऊ देत नाहीत. आम्हाला वाट माहीत आहे, तरी ओहोटीला ते आम्हालाही ओळख दाखवत नाहीत. तिथे अॅल्युमिनियमचं पातं दुमडतं, तुटतं, आणि धक्का स्वतःवर घेतं. स्टील वाकत नाही. रबराचं बुश थोडा मार खातं, पण उरलेला धक्का शाफ्टमधून गिअरपर्यंत जाऊ शकतो. किल्ल्याकडच्या बोटीला म्हणून अॅल्युमिनियम, ओरिजिनल, ११ चा. आणि पेटीत कायम दुसरा, सोबत पाना, कॉटर पिना आणि ग्रीसची डबी.

देवबागची बोट वेगळी. ती कर्ली खाडीच्या मुखातून बाहेर डॉल्फिन बघायला जाते. तिथे खडक नाहीत, वाळू आहे, आणि वाळूची दांडी दर पावसाळ्यानंतर जागा बदलते. वाळू अॅल्युमिनियमच्या कडा खाऊन बोथट करते, स्टीलला तेवढं काही करत नाही. शिवाय लांबची धाव आणि बाहेरची लाट. स्टीलची पाती पातळ करता येतात, जोरात वाकत नाहीत, कडेला दिलेल्या वळणामुळे वळताना पाणी धरून ठेवतात. तिथे काटा तुम्ही आधी तपासायला लावलात, तो मापात होता, तेव्हा कुठे भिशीचे पैसे पिशवीबाहेर आले. पहिल्याच दिवशी तीव्र वळणावर इंजिन हवा खाऊन किंचाळायचं थांबलं. दीर इतका खूश झाला की त्या दिवशी त्याने विनाकारण चार वळणं जास्त घेतली. पेट्रोल वहीत दिसतंय.

चार पात्यांच्या पंख्याबद्दल मात्र तुमचं-माझं जुळत नाही. तुम्ही म्हणता, खर्च वाढवू नको. मी एका ओळखीच्या बोटीवर बघितला, पूर्ण ओझ्याने बोट लवकर उचलली जाते, वरचा वेग नॉटभर कमी पडतो, तर पडू दे. स्कूबाला कुणाला घाई असते? पुढच्या सीझनला मी मागून आणून लावून बघणार आहे. रागावू नका.

आता जानेवारीबद्दल. ओहोटी, ऊन डोळ्यावर, आणि दिराने नेहमीची वाट दोन हात चुकवली. खट्ट आवाज. इंजिन वर उचललं तर एक पातं दुमडलेलं, एकाचा कोपरा गायब. नांगर टाकला. पाण्यात उतरून पिन काढली, नट सोडवला, मागचा वॉशर हातात धरला (तो समुद्रात पडला तर संपलं, हे तुमचं वाक्य मी जेटीवरून फोनवर ओरडत होते) आणि पेटीतला तुमचा जुना ११ चढवला. पाहुण्यांना वाटलं हाही कार्यक्रमाचाच भाग. आठवडाभराने गिअर ऑइल काढून बघितलं, ताकासारखं पांढरं झालेलं नव्हतं, म्हणजे आत पाणी शिरलं नव्हतं. शाफ्ट सरळ. स्टील असतं तर गिअरबॉक्स गेलाच असता असं मी म्हणत नाही. पण गेल्याच्या गेल्या वर्षी एकाचा गेलेला बघितलाय, आणि त्या बिलात आमचे सगळे पंखे दोनदा आले असते.

शाफ्टवर गुंडाळलेली तंगूस (मासेमारीचा नायलॉनचा दोरा) दर पंधरा दिवसांनी पंखा सोडवून काढायची, ही तुमची शिस्त पाळतोय. मार्चमध्ये वीतभर निघाली, सीलपर्यंत पोचायच्या बेतात होती.

तुम्ही या सगळ्याचे पैसे घेतले नाहीत, फक्त गिअर ऑइलच्या डब्याचे घेतलेत. स्टेनलेस आम्ही दुसरीकडून घेतला, तरी माप तुम्हीच सांगितलंत. तुमचा ११ मी अजून परत केलेला नाही, ही लाजेची गोष्ट आहे. नारळी पौर्णिमेच्या आधी येते, पंखा, घरचं आगळ आणि कुळथाची पिठी घेऊन. करंजीवालाही आणते, त्याचं पातं सरळ होण्यासारखं असेल तर बघा, नाहीतर पडवीत तुळशीशेजारी राहील.

आणि एक विचारायचं होतं. देवबागच्या बोटीचं झिंक (इंजिन गंजू नये म्हणून स्वतः झिजणारा जस्ताचा तुकडा) स्टीलचा पंखा लावल्यापासून भरभर झिजतंय, तुम्ही म्हणाला होतात तसंच. निम्म्याहून कमी उरलंय. आत्ताच नवं लावू की बोट पाण्यात उतरवताना? वहीत जागा मोकळी ठेवलीय.

तुमची,
वहीवाली