"त्यानं मोजणी टाकली": महसूल मंत्र्यांना एका शेतकऱ्याचं खुलं पत्र

मा. महसूल मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

साहेब, स. न. वि. वि.

"त्यानं मोजणी टाकली," असं गावात कुणी म्हणालं की ऐकणारा लगेच विचारतो, "कुणावर?" पोलिसात तक्रार कुणावर केली असं विचारावं, अगदी तसं. आपल्या खात्याच्या कागदावर मोजणी ही साधी सेवा आहे: अर्ज करा, फी भरा, तारीख घ्या. शिवारात मात्र ते शेजाऱ्याविरुद्ध उचललेलं पाऊल असतं. त्या "कुणावर" या शब्दासाठी हे पत्र लिहितो आहे.

आधी माझं सांगतो. आमच्या शेताला लागून ज्यांचं शेत आहे त्यांना मी आबा म्हणतो. वडिलांच्या बरोबरीचे. विहीर सामाईक, पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या. आमच्या मोटारीच्या पेटीची एक किल्ली कायम आबांच्या ओसरीवर खुंटीला असायची. रात्री बाराला लाइट आली आणि मी गावात नसलो, तर ते उठून मोटार चालू करायचे, दारं धरायचे. सकाळी मी पोचेपर्यंत वाफे भिजलेले असायचे. त्याबद्दल आबांनी कधी एक शब्द काढला नाही.

मग बांधाचं निघालं. वडील सांगायचे, त्यांच्या लहानपणी त्या बांधावरून बैलगाडी जायची. माझ्या डोळ्यांदेखत तो पाऊलभर झाला, मधे एका जागी तर नुसती गवताची रेघ उरली. भाड्याचा ट्रॅक्टरवाला घाईत असतो, त्याला वळायला जागा लागते, फाळ चार बोटं पलीकडे गेला तर त्याला काय त्याचं! दर हंगामाला चार बोटं. माझ्या मनात मात्र ट्रॅक्टरवाला नव्हता, आबा होते. त्यांच्या मनात मी असणार. मी ओसरीवर जाऊन बोलायला हवं होतं. बोललो नाही. तालुक्याला गेलो आणि हद्द कायम मोजणीचा अर्ज टाकून आलो. आबांना ते माझ्या तोंडून नाही, नोटिशीतून कळलं. दुसऱ्या दिवशी त्यांचा नातू येऊन किल्ली देऊन गेला. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली, वरून सुतळी बांधलेली.

ती चूक माझी, सरकारची नाही. पण पुढचं दीड वर्ष एकट्या माझ्या खात्यावर टाकता येणार नाही.

पहिली तारीख मिळाली तेव्हा रानात उभं पीक होतं. दुसरी पावसात वाहून गेली. तिसऱ्या तारखेला भूकरमापक, म्हणजे सरकारी मोजणीदार, आले, यंत्र लावलं, दोन्हीकडची माणसं आपापल्या अंगाला हाताची घडी घालून उभी. आणि निघालं काय? वरच्या अंगाला आबा आमच्यात थोडे आलेले, खालच्या अंगाला आम्ही त्यांच्यात, जवळपास तेवढेच. दोन पिढ्यांत बांध तिरका झाला होता. चोर कुणीच नव्हतं. पहिल्या आठवड्यात हे कळलं असतं तर दोघांनी मिळून दगड रोवले असते. पण तोवर दीड वर्ष लोटलं होतं. आबांच्या मुलांना क प्रत, म्हणजे मोजणीचा नकाशा, मान्य झाली नाही, त्यांनी निमताना मोजणी, म्हणजे वरच्या अधिकाऱ्याकडून फेरमोजणी, मागितली. ती अजून व्हायची आहे.

त्या दीड वर्षात काय काय होतं ते मंत्रालयातून दिसत नसेल, म्हणून लिहितो. तारीख पुढे गेली की आबांच्या घरात म्हणायचे, यानंच ढकलली. आमच्या घरात म्हणायचे, त्यांनीच. पारावर कुणीतरी सांगायचं की साहेब अमक्याच्या पाहुण्यातला आहे, आणि ते खोटं आहे हे माहीत असूनही कानाला बरं वाटायचं. पेरणीच्या वेळी आमची दोन्ही घरं सावडीनं, एकमेकांच्या शेतात आळीपाळीनं, कामं करायची, ती सावड मोडली. ग्रामपंचायतीची निवडणूक आली. माझा चुलतभाऊ एका पॅनेलला गेला म्हणून त्यांचा थोरला दुसऱ्याला गेला. बांधाचं भांडण वॉर्डाचं झालं. त्यांच्या घरातल्या लग्नाची पत्रिका आम्हाला आली नाही. विहिरीवरची पाळी तेवढी अजून चालते, आणि याचा मी पुष्कळ विचार केला आहे. पाळी का टिकली? कारण कुणाची कधी, किती तास, हे दोघांनाही पक्कं माहीत आहे. तिथं संशयाला शिरायला जागा नाही.

हेच मोठ्या प्रमाणावर आपल्या राज्यात झालेलं आहे. धुळ्याकडच्या पांझरा खोऱ्यात सामाईक पाटपाण्याची फड पद्धत शेकडो वर्षं चालली. पाणी पाटकरी, म्हणजे पाणी वाटणारा माणूस, देणार, शेताचा मालक स्वतः बारं फोडून पाणी घेणार नाही, हा नियम सगळ्यांना सारखा. हिवरे बाजारला सरपंच पोपटराव पवारांच्या काळात ग्रामसभेपुढे दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडायला सुरुवात झाली: पाऊस किती पडला, पाणी किती आहे, त्यात कोणती पिकं बसतात. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखानं बहुमत बाजूला ठेवून सर्वसहमतीनं निर्णय घ्यायची सवय लावली. ही माणसं आमच्यापेक्षा स्वभावानं चांगली आहेत असं मला वाटत नाही. हिशेब सगळ्यांसमोर उघडा ठेवला की शेजाऱ्याचा संशय घ्यायचं कारण कमी होतं, इतकंच.

साहेब, मी आमच्या गावच्या तंटामुक्त समितीचा सदस्य होतो. आर. आर. पाटील गृहमंत्री असताना 15 ऑगस्ट 2007 ला महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली, तेव्हाचा गावातला उत्साह मी पाहिला आहे. पोलीस पाटील, समिती, दोन्ही पक्ष समोरासमोर, आणि कोर्टात वर्षानुवर्षं पडून राहिली असती अशी प्रकरणं एका बैठकीत मिटायची. पुढे पुरस्कार आणि गुणांकनाचा भर ओसरला, तशी आमची वहीही कपाटात गेली. त्या वहीत सर्वांत जास्त नोंदी बांध, वाट आणि घराच्या भिंतीच्या होत्या. त्याच आमच्या हातून सुटायच्या नाहीत. आम्ही समजूत घालू शकत होतो, पण हद्द नेमकी कुठे आहे हे सांगू शकत नव्हतो. नकाशा तालुक्याला, मोजणारा तालुक्याला, आणि आम्ही अंदाजानं बोलणार.

त्या काळातली एक गोष्ट मनाला लागून राहिली आहे, तीही सांगतो. "गाव तंटामुक्त व्हायचंय" म्हणून दुबळ्यावर दबाव यायचा. बाईनं नवऱ्याच्या मारहाणीची तक्रार केली तर मिटवून घे. दलित वस्तीतल्या माणसानं तोंड उघडलं तर गावाचं नाव खराब होतं. असा सलोखा मला नको आहे. सामाजिक बहिष्काराविरुद्ध 2016 चा कायदा या राज्याला उगाच करावा लागला नाही. समित्यांना पुन्हा बळ द्यायचं असेल तर बरोबरीच्या दोन शेजाऱ्यांचे दिवाणी वाद त्यांच्याकडे द्या. जिथं एक पायाखाली आणि दुसरा वर आहे, तिथं समितीनं हात घालू नये, तिथं कायदाच हवा.

आता मागणी. मोजणी अर्जावर ठेवू नका. गावाची सगळी शेतजमीन, गटामागून गट, उन्हाळ्यात रान मोकळं असताना एकदाच मोजा. कुणी अर्ज करायचा नाही, म्हणजे कुणी कुणावर मोजणी टाकली असं होणार नाही. इंग्रजांच्या काळात इंदापूर तालुक्यात 1836 च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी जमीन मोजली ती अशीच गावंच्या गावं, तिथं शेजाऱ्यानं शेजाऱ्याविरुद्ध फी भरली नव्हती. इतकं मागंही जायला नको. केंद्राची स्वामित्व योजना 24 एप्रिल 2020 ला सुरू झाली. आमचं गावठाण तिच्यात ड्रोननं मोजलं गेलं तेव्हा कुणालाही नोटीस म्हणजे अपमान वाटली नाही. पोरं ड्रोन बघायला गच्चीवर चढली होती. घरांसाठी हे झालं, मग शिवारासाठी का होऊ नये?

मोजून झाल्यावर त्याच बैठकीत सलोखा योजना राबवा. आपल्याच खात्याची ही योजना मला मनापासून आवडते. 3 जानेवारी 2023 चा तो शासन निर्णय आहे. जमिनींच्या एकत्रीकरणाच्या (तुकडे जोडून गट पाडण्याच्या) वेळच्या किंवा तशाच चुकांमुळे याच्या नावची जमीन त्याच्या ताब्यात आणि त्याची याच्या, असं 12 वर्षांपासून चाललेलं असेल, तर दोघांनी संमतीनं अदलाबदल करायची. मुद्रांक शुल्क एक हजार रुपये, नोंदणी फी एक हजार रुपये. पण दोघांनी मिळून अर्ज करायचा म्हणजे पहिला शब्द कुणी काढायचा? जे एकमेकांशी बोलत नाहीत त्यांच्यासाठीच तर ही योजना आहे. तो पहिला शब्द सरकारनं काढावा. ग्राम महसूल अधिकाऱ्यानं (पूर्वीच्या तलाठ्यानं) अशा जोड्यांची यादी करून दोघांनाही एकाच दिवशी, एकाच बांधावर बोलवावं.

वाटेचंही तेच आहे. तहसीलदारांकडे 1966 च्या जमीन महसूल संहितेचं कलम 143 आहे, अडवलेली वाट मोकळी करायला 1906 चा मामलेदार न्यायालय कायदा आहे. पण दोन्हीकडे एक अर्जदार आणि एक सामनेवाला लागतो. 2025 मध्ये शेतरस्त्यांची नोंद सातबाऱ्याच्या इतर हक्कांत घेण्याचा निर्णय झाला, त्याचं मी स्वागत करतो. ती नोंदही संपूर्ण शिवाराची एकदम व्हावी.

आणि निमताना मोजणीला मुदत घाला. पहिल्या मोजणीवर हरकत घेण्याचा हक्क हवाच, मी आबांच्या मुलांना दोष देत नाही. पण ती त्याच उन्हाळ्यात, पेरणीच्या आत निकाली निघावी. एक पेरणी मधे गेली की माणसं वर्षभरासाठी आपापल्या बाजूला बसतात. खर्चाचं, मनुष्यबळाचं उत्तर येईल हे मला माहीत आहे. या भांडणांपायी पोलीस ठाण्यात, तहसीलला आणि दिवाणी कोर्टात सरकारचंच मनुष्यबळ जातं, ते त्या हिशेबात धरा.

आबा आता काठी घेऊन चालतात. परवा मी शेतावर होतो, ते त्यांच्या अंगाला बांधाच्या त्या रेघेजवळ येऊन थांबले. काठीनं गवत बाजूला करून खाली बघत होते, जुना हद्दीचा दगड दिसतो का म्हणून. दगड माझ्या अंगाला आहे, मला माहीत आहे. मी हाक मारली नाही, कारण निमतानाची तारीख लागायची आहे आणि आमच्या वकिलानं सांगितलं आहे की तोवर काही बोलायचं नाही. किल्ली माझ्या घरी, त्याच पिशवीत आहे. येत्या एप्रिलमध्ये आपला भूकरमापक आमच्या सबंध शिवारात आला, तर मी ती घेऊन बांधावर उभा असेन.

आपला,
एक शेतकरी,
माजी सदस्य, तंटामुक्त गाव समिती