गॉगल म्हणा, पण दांडी वाचा

महोदय,

उन्हात लावायच्या काळ्या चष्म्याला आपण सर्रास ‘गॉगल’ म्हणतो. इंग्रजीत मात्र हा शब्द मुख्यतः पोहणारे, वेल्डिंग करणारे किंवा प्रयोगशाळेत काम करणारे लोक वापरतात त्या, डोळ्यांभोवती घट्ट बसणाऱ्या संरक्षक चष्म्यासाठी आहे. तेवढ्यावरून मराठी वापर चुकीचा ठरवणे मला पटत नाही. ‘चष्मा’ हा शब्दही फारसीतील ‘चश्म’ म्हणजे डोळा याच्याशी नाते सांगतो, आणि तो काचांना चिकटला म्हणून कोणी कुरकुर करत नाही.

खरी फसगत होते ती ‘काळा’ या विशेषणाने. काचेचा गडदपणा आणि अतिनील किरण अडवण्याची तिची क्षमता या वेगळ्या गोष्टी आहेत. गडद काचेमागे बाहुली मोठी होते, त्यामुळे ती काच हे किरण अडवत नसेल तर ते डोळ्यात अधिकच शिरू शकतात. पुष्कळदा दांडीच्या आतल्या बाजूला बारीक अक्षरांत ‘यूव्ही ४००’ असे छापलेले असते, त्याचा अर्थ ४०० नॅनोमीटरपर्यंतच्या तरंगलांबीचे अतिनील किरण रोखले जातात, असा आहे. आपण मात्र गॉगल चढवून आधी आरसा शोधतो!

– एक वाचक