'सेवेच्या नावाखाली' नेमकं काय चालतं?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला, अमेरिकेतल्या आमच्या डिअरबॉर्न गावावरचा लेख काल वाचला. रात्री झोप लागली नाही म्हणून आज लिहायला बसले. तुमचे लेखक इथे किती दिवस राहून गेले मला ठाऊक नाही. मी 1998 पासून राहते. मिस्टर फोर्डमध्ये होते, मुलगी इथल्याच शाळेत शिकली. इथल्या अरब मुलामुलींच्या स्वयंसेवेबद्दल लिहिताना तुमच्या लेखकाने 'सेवेच्या नावाखाली' हे शब्द तीनदा वापरले आहेत. मी मोजले. त्या नावाखाली काय चालतं, हे मात्र एकदाही लिहिलेलं नाही. ते मी सांगते.

25 जून 2021, शुक्रवारची रात्र. पाऊस असा कोसळला की सकाळी आमच्या तळघरात मांडीभर पाणी होतं, आणि तेही गटारातून उलटं आलेलं. निम्म्या गावाची तीच गत. हायवेवर मोटारी बुडाल्या होत्या. मिस्टरांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला तीन आठवडेच झालेले. विमा कंपनीचा फोन लागता लागेना, आणि लागला तेव्हा कळलं की गटाराचं पाणी आमच्या पॉलिसीत बसत नाही. तळघरात वॉशिंग मशीन होतं, बॅगा होत्या, आणि पुठ्ठ्याच्या अकरा खोक्यांत सासऱ्यांनी आयुष्यभर जमवलेले दिवाळी अंक होते.

मी आमच्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं. 'काळजी घ्या' आले, हात जोडल्याची चित्रं आली. माणूस एकही आला नाही.

रविवारी दुपारी बेल वाजली. दारात सहा मुलं, गमबूट घातलेली, हातात बादल्या आणि फावडी. फोर्डसन हायस्कूलची पोरं. मागच्या गल्लीतल्या लेबनीज बाईंनी त्यांना आमचं घर सांगितलं होतं. त्यांच्याकडे वहीच्या कागदावर घरांची यादी होती आणि आमच्यानंतर अजून नऊ घरं होती. त्यात एक एकट्या राहणाऱ्या पोलिश आजी होत्या, कोपऱ्यावरचं एक काळं कुटुंब होतं. 'एकाच धर्माच्या लोकांसाठी' असं तुमच्या लेखात म्हटलं आहे, म्हणून मुद्दाम लिहिते.

जिन्यावर ओळ करून त्यांनी चार तास बादल्या वर आणल्या. ओला गालिचा कापून, गुंडाळून बाहेर टाकला. वास असा की मला दोनदा अंगणात जाऊन उभं राहावं लागलं. हिजाब घातलेल्या एका पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीने दिवाळी अंकांचं खोकं उघडलं. मी म्हटलं, बाळा, टाकून दे, गेले ते. ती म्हणाली, "खाल्तो, हे कुणीतरी इतकी वर्षं जपून ठेवलंय." खाल्तो म्हणजे मावशी. तिने गॅरेजच्या फरशीवर अंक ओळीने मांडले, दर चार-पाच पानांत किचनचा टिश्यू घातला आणि पंखा लावला. तिला आपली लिपी वाचता येत नव्हती. साठेक अंक बचावले. ते आजही माझ्या कपाटात आहेत, पानं फुगलेली, कडा पिवळ्या. पैसे पुढे केले तर कुणी हात लावला नाही.

केंद्र सरकारने आपत्ती जाहीर केली 15 जुलैला. ही मुलं 27 जूनला आली होती.

ही शिस्त आकाशातून पडलेली नाही. 'ॲक्सेस' ही इथली अरब समाजाची मोठी संस्था 1971 मध्ये साउथएंड भागात दुकानाच्या एका गाळ्यात सुरू झाली, तीही स्वयंसेवकांच्या बळावर. भाग फोर्डच्या रूज कारखान्याला चिकटून, वस्ती कामगारांची. त्या काळात नगरपालिका ही वस्तीच पाडायला निघाली होती आणि रहिवासी कोर्टात गेले होते. नव्याने आलेल्याला इंग्रजी शिकवायचं, अर्ज भरून द्यायचे, दवाखान्यात सोबत जायचं, इथून सुरुवात झाली. 1985 च्या महापौर निवडणुकीत एका उमेदवाराच्या पत्रकात चक्क 'अरब समस्या' असा शब्द होता आणि तो उमेदवार निवडून आला. त्याच गावात जन्मलेला, लेबनीज आईबापांचा मुलगा अब्दुल्ला हम्मूद 2021 मध्ये महापौर म्हणून निवडून आला. मधल्या काळात या समाजाने आपली मुलं कशी घडवली, तो खरा लेखाचा विषय होता. तुमच्या हातात तो होता आणि तुम्ही तो वाया घालवलात.

शब्दांनी काय होतं तेही आम्ही पाहिलं आहे. फेब्रुवारी 2024 मध्ये एका मोठ्या अमेरिकी दैनिकाने या गावाला जिहादची राजधानी म्हणणारा मथळा छापला. महापौरांना प्रार्थनास्थळांजवळ पोलीस वाढवावे लागले.

माझं माहेर सांगलीचं. ऑगस्ट 2019 मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा 57 फुटांवर गेली, तेव्हा गावभागातल्या माझ्या भावाला तरुण पोरांनीच होडीतून बाहेर काढलं. तुमच्याच वर्तमानपत्राने त्यांना देवदूत म्हटलं होतं आणि ते योग्यच होतं. मग तेच काम करणाऱ्या या मुलांना वेगळे शब्द का?

आता आपल्या माणसांबद्दलही लिहिते, राग आला तरी चालेल. आमच्या मंडळात मुलांच्या 'सेवेचे तास' कॉलेजच्या अर्जासाठी मोजले जातात. गणपतीत खुर्च्या मांडल्या की कागदावर सही. 2022 मध्ये मी कमिटीला सुचवलं की अरब संस्थांचा दरवर्षी सेवादिन असतो, त्यात आपली मुलं पाठवू. उत्तर मिळालं, "त्या भागात आपली मुलं कशाला?" तो भाग आमच्या गणपतीच्या हॉलपासून पंधरा मिनिटांवर आहे. त्या दिवसापासून मी कमिटीच्या बैठकीला गेलेले नाही.

शेवटी दोन चुका. लेखात अरब आणि मुसलमान हे शब्द सरसकट एकमेकांच्या जागी वापरले आहेत. अमेरिकेत आलेल्या पहिल्या पिढ्यांतले अरब बहुतांश ख्रिस्ती होते आणि आजही इथे अरबी भाषेत उपासना होणारी चर्चेस आहेत. दुसरं, पान तीनवरच्या फोटोखाली 'शहरातील मशीद' असं छापलं आहे. ती मशीद नाही. ते मिशिगन ॲव्हेन्यूवरचं अरब अमेरिकन राष्ट्रीय संग्रहालय आहे, 2005 मध्ये सुरू झालेलं. मुलीच्या शाळेची सहल तिथे गेली होती, मी सोबत होते. ही दुरुस्ती येत्या रविवारी त्याच पानावर, फोटोसह छापावी, ही विनंती.

आपली,
एक जुनी वाचक
डिअरबॉर्न, मिशिगन (माहेर सांगली)