तिकडं फुकट राबलो त्याची गोष्ट

तासगाव,
एप्रिलचा पहिला रविवार

प्रिय संज्या,

तुझा लांबलचक मेसेज वाचला. न्यूझीलंडला जायचं, एखाद्या शेतावर महिनाभर राबायचं, राहणं-जेवण फुकट, वर देश बघून होईल. वहिनी काय म्हणाल्या ते मात्र सोयीस्करपणे गाळलंयस. मोबाईलवर उत्तर लिहायला बसलो तर तीन ओळींत उरकेन, म्हणून कागद घेतला.

आधी कोरडं काम संपवतो. न्यूझीलंडमध्ये पगार नसला तरी राहण्या-जेवणाच्या बदल्यात केलेलं काम हे कामच धरतात. पर्यटक म्हणून जाऊन ते करता येत नाही, त्याला कामाचा व्हिसा लागतो. विमानतळावर 'शेतात मदत करायला आलोय' असं भाबडेपणानं सांगितलंस तर तिथूनच परत येशील. मी गेलो ते इटलीत. शिकायला होतो, राहण्याचा परवाना हातात होता, प्रबंध देऊन झाला होता आणि निकालाला महिना होता. तुझं तसं नाही. तिकीट काढायच्या आधी नियम नीट वाच.

हा प्रकार 'वूफ' नावानं चालतो. 1971 साली लंडनमध्ये सेक्रेटरीची नोकरी करणाऱ्या सू कॉपार्ड या बाईंना शनिवार-रविवार गावाकडं जावंसं वाटायचं, पण गावाकडं ओळखीचं कोणी नाही. मग ससेक्समधल्या एका शेतावर चार माणसं जमवून त्या गेल्या, त्यातून हे उभं राहिलं. आता बऱ्याच देशांची आपापली संस्था आहे, वर्गणी भरली की शेतांची यादी मिळते. दिवसाला चार ते सहा तास काम, बदल्यात जेवण आणि झोपायला जागा. म्हणजे आपली सावडच की, आज मी तुझ्या शेतावर, उद्या तू माझ्या! फरक एवढाच, की तुझ्या शेतावर राबायला तिथला मालक कधी येणार नाही.

माझं पहिलं शेत साफ फसलं. नावाला सेंद्रिय शेती, प्रत्यक्षात पाहुण्यांना भाड्यानं द्यायच्या खोल्या. सकाळी आठपासून चादरी बदलायच्या, न्हाणीघरं घासायची, संध्याकाळी बशा विसळायच्या. नऊ-नऊ तास. माती फक्त बुटाला लागलेली बघितली. चौथ्या दिवशी पिशवी उचलली. तेव्हा जाण्याआधी मालकाशी फोनवर बोल, रोज काय काम आणि किती तास ते विचार, आधी राहून गेलेल्यांनी काय लिहिलंय ते वाच, आणि परतीचे पैसे वेगळे बांधून ठेव.

दुसरं शेत सिएनाजवळच्या डोंगरात. म्हातारा-म्हातारी दोघंच. नोव्हेंबर, म्हणजे ऑलिव्हची तोड. झाडाखाली जाळी अंथरायची आणि हातभर लांब फणीनं फांदी विंचरायची. खरंच विंचरायची, आजी केसातनं फणी फिरवायची तशी. फळं टपटप जाळीवर पडतात. मग जाळीची चार टोकं धरून माल मधे आणायचा, पाला निवडायचा, क्रेट भरायचे. तोडलेला माल ठेवून चालत नाही, गरम होऊन कुजायला लागतो, म्हणून संध्याकाळीच घाण्यावर. शंभर किलोला पंधराएक किलो तेल. नळीतून पडताना ते हिरवंगार असतं. भाजलेल्या पावावर लसूण घासून, मीठ टाकून म्हातारीनं वर ते ओतलं आणि पहिल्या घासाला मला ठसका लागला. ताजं तेल घशाला झोंबतंच म्हणे. मी खोकतोय आणि दोघं खूश!

खरी गंमत द्राक्षाच्या बागेत झाली. तोड सप्टेंबरातच उरकली होती, पानं पिवळी पडलेली, आणि त्यांच्यावर निळे डाग. मी ओळखलं. बोर्डो! आपल्याकडं द्राक्षाच्या डावणी रोगाला मारतो तोच मोरचूद आणि चुना. सेंद्रिय शेतीलाही तांबं चालतं, पण मोजून. युरोपात सात वर्षांत हेक्टरी 28 किलो, त्यापुढं नाही. म्हाताऱ्याला मोबाईलवर आमच्या बागेचा फोटो दाखवला. त्यानं चष्मा लावून मांडव, काडी सगळं बघितलं आणि विचारलं, छाटणी कधी? मी दोन बोटं दाखवली. एप्रिलात खरड, ऑक्टोबरात फळछाटणी, वर काडीला पेस्ट लावून डोळे, म्हणजे कोंब, उठवायचे. त्याची बाग थंडीत पानं टाकते, छाटणी वर्षातनं एकदाच. बराच वेळ तो गप्प राहिला. मग म्हणाला, "अन् वेल झोपते कधी?"

मला उत्तर सुचलं नाही. आपल्याकडं तिला झोपायला थंडीच कुठाय?

त्याच रात्री घरी फोन केला. इकडं फळछाटणी उरकलेली, अवकाळी येऊन गेलेला, अण्णा दिवसाला दोनदा फवारत होते. मी उत्साहानं ऑलिव्हचं सांगत सुटलो. अण्णांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "मजुरी किती देतात?" काही नाही म्हटल्यावर थोडं थांबून म्हणाले, "तिकडं फुकट. इकडं सांगून दमलो तरी नाही." आणि फोन आईकडं दिला.

संज्या, ते बोलणं लागलं, कारण खरं होतं. बारावीनंतर मी आमच्या बागेत कात्री धरली नव्हती. दरवर्षी जतकडची टोळी येते, उक्तं घेते, अंधार पडेपर्यंत बायका मान वर करून मण्यांची विरळणी करतात. त्यांचे फोटो मी कधी काढले नाहीत. फणी धरलेले माझे स्वतःचे मात्र चाळीस निघाले. परक्याच्या शेतात वाकायला सोपं असतं रे. भाव पडला, गारा आल्या, बँकेची नोटीस आली, तरी तीन आठवड्यांनी आपण पिशवी उचलून मोकळे.

जाऊ नकोस असं नाही म्हणत. मी पुन्हा जाईन, म्हातारी दरवर्षी दिवाळीच्या सुमाराला मेसेज टाकते. पण तू साताऱ्यात बँकेच्या काउंटरमागं दहा वर्षं काढलीयस, तुझे हात मला माहीत आहेत. पुढच्या सोमवारी आमची खरड छाटणी सुरू होतेय. आठ दिवसांची रजा टाक आणि ये. राहणं-जेवण फुकट, काम सहा तास, आठही होतील. कात्री मी देतो, हातमोजे आणि जुने बूट तू आण. अण्णा मजुरीचं विचारतील, तर सावडीला आलोय म्हण. त्यांना तो शब्द कळतो.

वहिनींना नमस्कार, चिंटूला पापा.

तुझाच,
दिन्या