रात्री अडीचची सही

सिंधुदुर्ग,
श्रावणी सोमवार

प्रिय पार्टनर,

नाइट संपवून आले, झोप काही येईना, म्हणून वही ओढली. पाऊस कौलांवर नुसता कोसळतोय.

रात्री अडीचला एक पहिलटकरीण सिझरला घ्यायची ठरली. बाळाचे ठोके उतरत होते. नवरा मुंबईला, सोबत सासू. मी नेहमीसारखा ऑपरेशनच्या संमतीचा फॉर्म सासूपुढे धरला, तर म्हातारी म्हणते, "माजेकडे कित्याक देतास? पोट तिचां मां?" लाज वाटली गं. अठरा पूर्ण झालेल्या, शुद्धीतल्या बाईची स्वतःची सही पुरते, हे आपण परीक्षेत लिहिलंय. तरी हात सवयीने नातेवाइकांकडे जातो.

पोरीने कळ दाबत सही केलीसुद्धा. मी विचारलं, "ह्यात काय लिहिलंय असं वाटतं तुला?" तर म्हणाली, "माका काय झालां तर डॉक्टरांक कोणी बोलूचां नाय." घे! इतकी वर्षं सह्या घेतोय आपण, आणि समोरच्याला तो कागद म्हणजे डॉक्टरांची ढाल वाटते. सही केली म्हणून हलगर्जीपणा माफ होत नाही, हे आधी सांगितलं. मग दोन कळांमधल्या उसंतीत बाकीचं: कमरेत सुई देतील, तू जागी असशील, ओढल्यासारखं वाटेल पण दुखणार नाही, रक्त जास्त गेलं तर चढवावं लागेल, क्वचित लघवीच्या पिशवीला इजा होते. आणि थांबलो तर बाळ गुदमरू शकतं. तिचा एकच प्रश्न, "फुडच्या वेळाक पण सिझरच?" तसंच काही नाही म्हटलं, टाका कसा आहे ते बघून, तातडीने सिझर करता येईल अशा ठिकाणी नॉर्मलचा प्रयत्न करतात. तेव्हा कुठे मान हलवली.

२००८ साली समीरा कोहली खटल्यात सुप्रीम कोर्टाने हेच सांगितलं: काय करणार, दुसरा पर्याय काय, मोठे धोके कोणते, नको म्हटलं तर काय होईल, हे सांगून घेतलेली संमतीच खरी. पण अडीच वाजता, कळा देणाऱ्या बाईला? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली २५.४ टक्के बाळंतपणं सिझरची. चारात एक! मग हे बोलणं सातव्या महिन्यातच नको व्हायला? मॅडमना म्हटलं तर त्या म्हणाल्या, "ओपीडीची गर्दी बघितलीस?" तेही खोटं नाही. म्हणून आता बीपी घेता घेता बाकावरच्या दोघीतिघींना मीच सांगते, आणि त्यांच्याकडून परत वदवून घेते. एकीने तर सासूलाच समजावलं, माझ्यापेक्षा बरं.

मुलगी झाली, दोन किलो आठशे. सकाळी ड्रेसिंग बघायला गेले तर पोर म्हणते, "ताई, सही खंय केलंय तो कागद दाखवा, वाचतंय." बारावी झालेली आहे. कागद इंग्रजीत.

तुमच्याकडे मराठी फॉर्म असला तर फोटो काढून पाठव. आज पाठव.

तुझी,
पार्टनर