तार तुटते कुठे, ते आधी बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीत इलेक्ट्रिक गिटारच्या तारांवर अर्धं पान खर्ची घातलंत, त्याबद्दल आभार. डीजेच्या भिंती सोडून दुसऱ्या एखाद्या वाद्यावर आपल्याकडे काही छापून येतं, हेच अप्रूप. पण त्या अर्ध्या पानाचं सार काय, तर तारा हलक्या प्रतीच्या निघतात आणि हल्लीची पोरं दणकून वाजवतात! हे ज्ञान मला एका दुकानदाराने आधीच दिलेलं आहे, आणि दर वेळी त्याच्यासोबत एक नवा सेटही गळ्यात मारलेला आहे.

माझी मुलगी ऑर्केस्ट्रात गिटार वाजवते. तिची पहिली, म्हणजे सगळ्यात बारीक तार सारखी तुटायची. दुकानदाराचं निदान ठरलेलं: "काका, ताईंचा हात जड आहे, भारीतला सेट न्या." भारीतला नेला, तोही तुटला. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत एका कार्यक्रमात ऐन सोलोत तार गेली आणि निवेदकाने वेळ मारून न्यायला विनोद सांगितले, ते दुःख वेगळंच. पण गिटार हातात घेऊन बघावी असं त्या दुकानात एकालाही वाटलं नाही. का वाटेल? तार तुटली की गल्ल्यात भरच पडते.

मी यंत्रमागावर आयुष्य काढलेला माणूस. धागा एकाच जागी तुटायला लागला, तर सुताला शिव्या घालण्याआधी आम्ही फणी तपासतो. मुलीला म्हटलं, तुटलेल्या तारा फेकू नकोस. शेजारी शेजारी मांडल्या तर सगळ्या ब्रिजकडे, म्हणजे गिटारच्या पोटावरच्या पट्टीकडे, तारेच्या टोकाच्या गोळीपासून सारख्याच अंतरावर तुटलेल्या. जड हाताने तुटली असती तर दर वेळी नेमकी तिथेच कशी तुटेल? तार ब्रिजवर ज्या सॅडलवर टेकते, तिथे कापसाचा पुंजका फिरवला. पहिल्या तारेच्या खाचेत तंतू अडकून राहिला. धातूचं कुसळ, डोळ्याला दिसणारसुद्धा नाही. ही तार इंचाच्या शंभराव्या भागाइतकी जाड, तिच्यावर ताण सात किलोच्या आसपास, आणि प्रत्येक बेंडला, म्हणजे सूर चढवायला तार बोटाने ओढली की, ती त्या कुसळावर घासणार! झिरो नंबरच्या पॉलिश पेपरची बारीक घडी करून खाचेतून तारेच्या दिशेने फिरवली, पुसून घेतलं, शिलाई मशीनच्या तेलाचा ठिपका लावला. त्यानंतर तारा जुन्या झाल्या म्हणून बदलल्या, तुटल्या म्हणून नाही.

तार कुठे तुटते, याबद्दल तुमच्या लेखात चकार शब्द नाही. खुंटीपाशी तुटत असेल तर भोकाची कड धारदार असेल, नाहीतर वेटोळी एकमेकांवर चढवलेली असतील. दोन-तीन वेटोळी, एकाखाली एक, पुष्कळ झाली. नटपाशी, म्हणजे मानेच्या टोकाला असलेल्या खाचांच्या पट्टीपाशी तुटत असेल आणि सुरात लावताना 'टिक्' आवाज येत असेल, तर तार खाचेत अडकतेय. तिथे पेन्सिलीचं शिसं घासा. मधेच तुटली तर गंज बघा. आपली हवा कोरडी खरी, पण एप्रिल-मेमधला घाम तारांना पुरून उरतो. वाजवून झाल्यावर तारा वरून-खालून पुसायला सोलापुरात टॉवेल मिळत नाही, असं तर म्हणणार नाही ना?

शिवाय गायकमंडळी. पांढरी एकऐवजी पांढरी दोन, म्हणजे वरची पट्टी हवी म्हणून अख्ख्या गिटारच्या तारा ताणून चढवायला लावतात. तेवढ्यानेच ताण सव्वापट होतो, आणि तार तुटली की बोल वाजवणाऱ्याला. मानेवर चिमट्यासारखी लावून पट्टी चढवायची कॅपो नावाची वस्तू काय शोभेला आहे?

लेखातला 'वाजवण्याआधी हात स्वच्छ धुवा' हा सल्ला मात्र पटला. फक्त आमच्या भागात नळाला पाणी कधी येणार, ते तुम्ही आतल्या पानावर मुंगीच्या अक्षरात छापता आणि परवा तर वारच चुकवलात. बादल्या मांडून आम्ही पहाटेपासून बसलो होतो. ते वेळापत्रक जरा मोठ्या टायपात छापा, आणि छापण्याआधी एकदा वाचा.

कळावे,
आपला एक वाचक,
अशोक चौक, सोलापूर